घारापुरीच्या दारापर्यंत

घारापुरीची लेणी जगप्रसिद्ध आहेत. ती आतून कशी दिसतात, हे मात्र या लेखात कुणी शोधू नये. मी बेटावर गेलो, पायऱ्या चढलो, उन्हात भाजलो, एका माकडाकडून नागवला गेलो आणि परत आलो. लेणी पाहायची तेवढी राहिली.

मी पनवेलात इतिहास शिकवतो. त्रिमूर्तीबद्दल वर्गात मी इतक्या वर्षांत जे काही बोललो, ते सगळं पाठ्यपुस्तकातल्या टपालाच्या तिकिटाएवढ्या चित्राकडे बघून. चित्रात तीन तोंडं आहेत की तीन ठिपके, हेही नीट कळत नाही. पण मी 'भव्य', 'गूढ', 'धीरगंभीर' वगैरे शब्द न अडखळता वापरतो. बेट आमच्यापासून इतकं जवळ, की कधीही जाता येईल. म्हणून कधीच गेलो नाही.

या मे महिन्यातही जाणार नव्हतो. पेपर तपासून डोळे आंबले होते. नववीच्या एका मुलाने पोर्तुगीज भारतात 'रेल्वेने' आले असं लिहिलं होतं आणि मी त्याला अर्धा गुण देऊन बसलो होतो, इतका दमलो होतो. सुट्टीत पंख्याखाली आडवं पडायचं, एवढाच बेत होता. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही शिकून पनवेलात आलो, ती उरणकडच्या खाडीकाठच्या गावातच राहिली. सासरची मिठागरं होती. आता त्या जागेवर कंटेनर उभे असतात. तिची एकुलती एक, लग्न झालेली मुलगी वैशाली. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वैशालीच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. ऑपरेशन झालं, किती तरी दिवस ती शुद्धीवर नव्हती. तेव्हा आत्या नवस बोलली. पोर घरी आली, तर सोळा सोमवार करीन आणि त्याच्या पुढच्या सोमवारी घारापुरीच्या महादेवाला चुरमा दाखवून उपास सोडीन.

पोर घरी आली. हळूहळू चालायला लागली, बोलायला लागली. स्वतःची गोळ्यांची डबी स्वतः हरवायला लागली, म्हणजे बरीच झाली. थंडी सरली, तसे आत्याने सोमवार धरले. दिवसभर काही नाही, संध्याकाळी कणीक, तूप आणि गुळाचा चुरमा. मिठाचा कण नाही. मिठागरात जन्म काढलेली बाई, पण मिठाला शिवली नाही. सगळे सोमवार झाले तोवर तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या.

वैशालीने मला वेगळा फोन केला. "दादा, तिला एकदाची ने. ती तिकडे जाऊन आल्याशिवाय नीट जेवायची नाही. माझ्यामुळे ती वाळली, असं सगळं गाव बोलतं."

मी म्हटलं, नेतो. त्यात काय.

आता 'त्यात काय' म्हणणाऱ्या माणसाने निदान थोडी चौकशी करावी. मी केली. भरती-ओहोटी बघितली, हवामान बघितलं, आत्याच्या गावातल्या एका नाखव्याची, म्हणजे होडीच्या मालकाची, होडी ठरवली. बायकोने, नंदाने, भाकऱ्या थापता थापता विचारलं, "बंदबिंद नसेल ना? मोबाईलवर बघा एकदा."

मी हसलो. ज्या हसण्याची पुढे किंमत मोजावी लागते, तसं. "अगं, शंकराची लेणी. आणि वार सोमवार. एक वेळ बाकीचे सहा दिवस बंद ठेवतील, पण सोमवारी?"

नंदाला हे पटलं. तुम्हालाही पटलं असेल. आपल्याकडे वाढलेल्या कुठल्याही माणसाला पटेल, आणि घोळ झाला तो इथेच.

पाण्यात

सकाळी आत्याच्या गावच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत नारळ, बेलाची पानं आणि चुरम्याचा डबा. मला बघितल्यावर म्हणाली, "आलास बाला? मना वाटला झोपलास."

मी पन्नाशी ओलांडली आहे आणि मला 'बाळा' म्हणणारी ही जगात शेवटची व्यक्ती आहे. त्या भरात मी बोलून गेलो, "आत्या, आज मीपण तुझ्याबरोबर उपास करणार."

"खरा?"

"खरं म्हणजे काय! पाण्याशिवाय काही नाही."

पाठीवरच्या सॅकमध्ये तेव्हा कागदात गुंडाळलेले दोन बटाटेवडे होते. पनवेलहून निघताना कोपऱ्यावर गरम मिळाले म्हणून घेतले होते. माझा विचार सरळ होता. आत्या डोळे मिटून हात जोडेल, तेव्हा मी एखाद्या खांबामागे जाईन. लेण्यांत खांब भरपूर आहेत, हे पाठ्यपुस्तकात आहे.

ओहोटी लागत होती. होडीपर्यंत जायला चिखलात चार पावलं टाकायची होती. आत्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, पाटावरून उतरल्यासारखी गेली. मी बूट हातात घेतले, पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतलो आणि दुसरा पाय काढताना बसलो. चिखलात बसलेल्या माणसाला सन्मानाने उठता येत नाही. नाखव्याने मला काखेत हात घालून उचललं, ओल्या पोत्यासारखं होडीत ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, पोराना पोवाया शिकवताव का?"

"नाही. इतिहास."

"हां," असं म्हणून त्याने मशीन चालू केलं.

खाडीतून निघताना तिवरांच्या कडेला रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. उन्हाने विटलेला गुलाबी. मी फोटो काढेपर्यंत ते तिथेच होते, फोटोत मात्र माझा अंगठा आला. मग उघडं पाणी. एकीकडे बंदराच्या क्रेन माना वर काढून उभ्या, एकीकडे तो नवा लांबच लांब सागरी पूल. मधल्या पाण्यात डिझेलचा वास. आणि समोर बेट, हिरवं, दोन टेकड्यांचं, मध्ये जरा खोलगट.

मला राहवलं नाही. मी सुरू झालो. बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा का म्हटलं, तर इथे एक दगडी हत्ती होता, तो आता मुंबईत राणीच्या बागेत आहे. वरच्या टेकडीवर तोफा आहेत. लेणी कुणी कोरली, याबद्दल विद्वानांत एकमत नाही...

आत्या समुद्राकडे बघत म्हणाली, "आमी मिठागरात फावडा मारताना हा डोंगर दिसं. सासू बोलं, वर बगू नको, काम कर. आज नीट बगू दे. तू जरा गप."

मी जरा गप्प झालो. नाखवा माझ्याकडे बघून गोड हसला.

उतरताना त्याने विचारलं, "चारला येतू न्यायाला. चाललं ना?"

चारपर्यंत म्हणजे फारच वेळ होता, पण मी मान डोलावली. त्यालाही काही विचारायची गरज वाटली नाही आणि मलाही. दोघेही आपापल्या जागी शहाणे होतो.

बेटावर

धक्का लांबलचक आहे. तो पार करता करता माझ्या लक्षात आलं, की आमच्याशिवाय त्यावर कुणी नाही. पर्यटकांची छोटी आगगाडी ताडपत्रीखाली झोपलेली. टोपीवाला नाही, मकेवाला नाही, गाईडही नाही.

"बघितलंस आत्या? गर्दीच नाही. म्हणून लवकर निघायचं असतं. याला नियोजन म्हणतात."

"मानसा कुटं गेली सगली?"

"उठली नसतील अजून."

पायऱ्यांच्या तोंडाशी एक बाई जाजमावर आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. तिने आत्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्या चिखलाने माखलेल्या पार्श्वभागाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"कोनाकडं आलाव?"

आत्या म्हणाली, "देवाकडं."

बाईने हातातली फोड खाली ठेवली. "अगो बाय माजे. देव आज बंद हाय."

"बंद म्हंजी?"

"सोमवारी बंद असतंय. दर सोमवारी. सगल्याना ठावं हाय." हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून उच्चारलं.

मी म्हटलं, "पण आज सोमवार आहे!"

"त्येच सांगते ना."

"अहो, पण शंकराचा वार..."

"शंकराचा वार असू दे, शिपायाची सुट्टी हाय."

मी आत्याकडे बघायचं टाळलं आणि ताडपत्र्यांखालच्या दुकानांकडे बघत राहिलो. मग मोबाईल काढला. आता बघून काय उपयोग होता, ते माहीत असूनही बघितलं. तिथे ते स्पष्ट लिहिलेलं होतं. नाखव्याला फोन लावला. मशीनच्या आवाजातून तो ओरडला, "लेनी? आवो, मना वाटला तुमी गावान पाव्हने चाललाव! सोमवारी लेनी बगाया कोन येतंय?" पुढे तो म्हणाला, की तो आता पार लांब गेलाय आणि पाणीही उतरलंय, चारच्या आत काही जमत नाही.

मी फोन खिशात ठेवला. आत्या पायऱ्या चढायला लागली होती.

"आत्या, बंद आहे गं. वर जाऊन काय करणार?"

"दार त बगू."

पायऱ्या सोप्या आहेत असं लोक म्हणतात. ते लोक मे महिन्यात, ओल्या पँटने, स्वतःला शिव्या घालत चढलेले नसावेत. एरवी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून नेणारे मिळतात. आज खुर्च्याही नव्हत्या. आत्या दर थोड्या पायऱ्यांना बंद दुकानाच्या फळीवर बसायची, गुडघे चोळायची, उठायची. तिने मला चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं. ओठ सुकलेले होते. पाणी दिलं तर म्हणाली, "मागून."

माकडांना सोमवारचं आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पर्यटक नाहीत, म्हणजे शेंगदाणे नाहीत, म्हणजे सकाळपासून उपास. कठड्यावर ओळीने बसून ती आमच्याकडे सावकाराच्या नजरेने बघत होती. मी आत्याच्या पिशवीवर लक्ष ठेवून होतो. चुरम्याला धक्का लागता कामा नये, एवढा एकच विचार. म्हणून मी तिची पिशवी छातीशी धरली आणि हातात काठी घेतली.

एक दांडगा हुप्प्या मागून आला. त्याने माझ्या सॅकची चेन अशी उघडली, जशी मला स्वतःला कधी एका झटक्यात उघडता आलेली नाही. आत हात घातला आणि कागदाचं पुडकं बाहेर काढलं. मग पळून जावं की नाही? नाही. तो समोरच्या फळीवर, आत्याच्या शेजारी, जाऊन बसला. कागद सोडला. एक वडा डाव्या हातात, एक उजव्या हातात. मिरचीही होती, ती त्याने हुंगून आत्याच्या बाजूला ठेवून दिली.

आत्याने मिरचीकडे पाहिलं. मग वड्यांकडे. मग माझ्याकडे.

"पान्याशिवाय काय नाय?"

मी म्हटलं, "ते... परतीच्या वाटेवर कुणाला लागलं तर."

"लागला त्याला," ती माकडाकडे बोट दाखवून म्हणाली.

मी लगेच संधी साधली. "आत्या, मारुती म्हणजे शंकराचाच अवतार ना! त्याने खाल्लं म्हणजे पोचलं म्हण की. आता आपण चुरमाही..."

"बाला," ती उठत म्हणाली, "तुजा देव तुज्या सोयीचा हाय. माजा नाय."

दार

वर एक फाटक आहे. त्याला कुलूप होतं. बाजूला सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक रखवालदार. बेटावरचाच माणूस असावा, साधारण माझ्या वयाचा. त्याने आम्हाला येताना पाहिलं आणि उठून उभा राहिला, कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं.

मी घसा साफ केला. आधी शिक्षक असल्याचं सांगितलं. मग विद्यार्थ्यांसाठी संशोधन करतोय म्हणालो. मग माझे एक मित्र मोठ्या खात्यात आहेत, त्यांचं नाव सांगायला लागलो आणि नाव आठवेना.

"सर, सोमवारी नाही सोडता येत," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या घरच्या मानसानापन नाही."

"अहो, पण यांचा नवस आहे. सोळा सोमवार झाले. यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. पाच मिनिटं..."

"बाला, पुरं," आत्या म्हणाली. "त्याची नोकरी हाय. सोरला त उद्या त्याच्या पोटावर पाय."

तिने फाटकासमोर जमिनीवर बसकण मारली. रखवालदाराने खुर्ची पुढे केली, तिने मानेने नको म्हटलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मला खरीच भीती वाटायला लागली. नाखवा चारला येणार. ही बाई दर्शनाशिवाय अन्नाला शिवणार नाही. पुढचा सोमवार पुन्हा सोमवारच, म्हणजे पुन्हा बंद. वारच चालणार नाही अशा जागेचा नवस फेडायचा कसा? आणि ही उद्यापासून काय करील? आणखी सोळा धरील? वैशालीला काय तोंड दाखवू? महाशिवरात्रीला पूजा करू देतात म्हणे, पण ती गेली, पुढची दहा महिन्यांवर. तोवर ही टिकेल का?

आत्याने फाटकाच्या गजांतून आत डोकावून बघितलं. मग तिने रखवालदाराला विचारलं, "आत आता कोन हाय?"

"कोन नाही आजी. सकाळी साफसफाई झाली. आता कोन नाही."

"त्याच्यासमोर कोन बोलत नाय, फोटू काडत नाय?"

"आज नाही."

"मंग आयकू येत असंल त्याला."

आत्याने पिशवीतून बेल काढला. मी तिच्या शेजारी खाली बसलो.

"बाला, तुना सांगतू," ती म्हणाली. "वैशी आत व्हती ना, काचेच्या दाराच्या मांगं, तवा मना आत सोडीत नसत. भेटायची येल झाली की पाच मिनटा. बाकी दिसभर मी भाएर, बाकावर. ती नर्सबाई चांगली व्हती, पन दार काय उगडलं नाय तिनं. नियम. मी तितंच बसून नवस बोललू. दार बंदच व्हता. तितनं आयकला ना यानं?"

मी मान हलवली.

"मंग हितनं नाय आयकनार?"

तिने बेलाचं पान फाटकाखाली, जिथपर्यंत हात जाईल तिथपर्यंत आत सरकवलं. मग दुसरं. नारळ ठेवला. रखवालदार हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, नारल हितं फोडू नका हां." "नाय फोडत," ती म्हणाली. तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. मला फक्त 'वैशी' एवढंच ऐकू आलं, दोनदा.

वाऱ्याने एक पान उडून परत बाहेर आलं. मी उचलायला वाकलो, तर रखवालदाराने ते आधीच उचललं होतं. त्याने गजांमधून हात घालून ते आतल्या दगडाच्या कडेला ठेवलं आणि वर एक खडा ठेवला. "संध्याकाळी झाडतो मी," तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला.

आत्याने डबा उघडला. चुरम्याचे तीन वाटे करायचे असतात. एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. देवाचा वाटा तिने रखवालदारासमोर धरला. "आत जाशील तवा ने."

"आजी, आत खायाचा काय नेता येत नाही."

"मंग तू खा. तू त्याच्या दारावरचा."

त्याने टोपी काढली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि उभ्या उभ्याच खाल्लं. मग माझा वाटा. वड्यांचा विषय न काढता तिने तो माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. तुपाचा चुरमा उन्हात घशाखाली सहज उतरत नाही, पण मी असा भुकेला कधीच नव्हतो. शेवटी आत्याने स्वतः पहिला घास घेतला. हळूहळू चावत राहिली. मग माझ्या हातातली पाण्याची बाटली न मागता घेतली आणि अर्धी रिकामी केली.

दुपार आम्ही आंब्याच्या फोडीवाल्या बाईच्या पडवीत काढली. मी आडवा झालो, तो चारपर्यंत उठलो नाही. झोपेत मला दोघी बायका माझ्याबद्दल बोलताना ऐकू येत होत्या. मध्ये मध्ये हसत होत्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

परत निघालो तेव्हा भरतीचं पाणी होतं, त्यामुळे चिखल झाकला गेला होता. मी नाखव्यापासून लांब, टोकाला बसलो. अर्ध्या वाटेत आत्याचा फोन वाजला. वैशाली. पाण्यावरच्या वाऱ्यामुळे आत्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आई, झालं दर्शन?"

"झाला."

"आणि जेवलीस?"

"जेवलू. तू?"

वैशाली म्हणाली, "तू खाल्ल्याशिवाय मी कशी खाऊ? थांबले होते तुझ्यासाठी."

"थांबलीस?" आत्या होडीत अर्धी उठली. होडी डोलली, मी कडेला घट्ट धरलं. "आनि दुपारची गोली?"

"ती... घेतली. उपाशीपोटीच घेतली."

मग जे सुरू झालं, ते मी लिहू शकत नाही. सोळा सोमवार पोटात साठलेला सगळा जोर त्यात होता. डॉक्टरचं नाव निघालं, जावयाचं निघालं, माझंही निघालं, वैशालीच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या. मध्येच पलीकडून हसू ऐकू यायला लागलं. बारीक, दम लागल्यासारखं. आत्या क्षणभर थांबली, ते हसू ऐकलं आणि पुन्हा दुप्पट आवाजात सुरू झाली.

धक्का जवळ आला, तसं नाखव्याने मशीन बंद केलं. अचानक सगळं शांत झालं. धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसं माना वर करून आमच्याकडे बघायला लागली, कारण आता त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"काय दात काडतेस, आं? ऊठ आदी. भात हाय ना डब्यान? गरम कर. थंड खाल्लास त बग, मी आलूच!"